बेल न वाजवणारे

आमच्या सिस्टिममध्ये माणूस कंपनी सोडून गेला की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात 'जाण्याचं कारण' असा ड्रॉपडाउन आहे. राजीनामा, निवृत्ती, काढून टाकलं, मृत्यू. मृत्यू चौथा. मी बावीस वर्षं एचआरमध्ये आहे, तो चौथा ऑप्शन पाच-सहा वेळा तरी क्लिक केला असेल आणि खरं सांगते, हात कधी अडखळला नाही.

तीन वर्षांपूर्वी आमचे एक डायरेक्टर अचानक गेले. सगळ्यांना मेल, मेलमध्ये फोटो, मोठ्या हॉलमध्ये दोन मिनिटं शांतता, सगळं रीतसर झालं. त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावर साफसफाई करणारे काका गेले, अकरा वर्षं रोज माझ्या टेबलावरचा कप उचलणारे. मला वाटलं निदान मजल्यापुरता तरी एक मेल टाकू, म्हणून सिस्टिममध्ये नाव शोधायला गेले तर नावच सापडेना, कारण ते कंत्राटदाराच्या रोलवर होते. म्हणजे आमच्या लेखी ते मेलेच नव्हते, कारण ते कधी नव्हतेच. कंत्राटदाराचा एक ओळीचा मेल आला, सोमवारपासून दुसरा माणूस येईल. मी त्याला 'नोटेड, थँक्स' असं उत्तर दिलं. ते 'थँक्स' नंतर किती दिवस डोक्यात राहिलं ते सांगता येत नाही.

मग मी पॅलिएटिव्ह केअरच्या एका वॉर्डात शनिवार-रविवारची व्हॉलंटियर झाले. जिथे आजार बरा व्हायचा नाही हे ठरलेलं असतं आणि उरलेले दिवस कमीत कमी त्रासाचे जावेत एवढंच बघतात, ती जागा. समाजसेवेची हौस वगैरे मला कधीच नव्हती. मनात एक ऐकीव वाक्य होतं, मेल्यावर सगळे सारखेच, आणि ते खरं आहे का हे कुठेतरी बघायचं होतं. थोडं स्वार्थीच कारण म्हणा.

ट्रेनिंगच्या पहिल्याच तासाला फजिती. सगळ्यांनी ओळख करून द्यायची होती. मी नाव सांगितलं, लगेच पुढे हुद्दा सांगितला, तर शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, हुद्दा सोडून सांगा." आणि मी गप्प. नाव झालं, वय झालं, पुढे काय? बावीस वर्षं लोकांच्या मुलाखती घेतलेली बाई स्वतःबद्दल तिसरं वाक्य बोलू शकली नाही. शेजारचा कॉलेजमधला मुलगा म्हणाला, मला झोप फार लागते, आणि सगळे हसले, मला त्याचा हेवा वाटला.

नियम एकच, पण कडक. पेशंटला "तुम्ही काय करायचात?" हे आपण आधी विचारायचं नाही. त्याने सांगितलं तर ऐकायचं. आपल्याला तो अगदी साधा प्रश्न वाटतो, पण सिस्टरांचं म्हणणं असं, की ते आपण समोरच्याला कुठल्या खणात ठेवायचं हे ठरवायला विचारतो, आणि उत्तर मिळालं की पाच सेकंदांत आपला आवाज बदलतो. मी मनात म्हटलं काहीतरीच काय. दोन आठवड्यांनी स्वतःचा आवाज स्वतःच ऐकला आणि पटलं.

बाकी शिकवलं ते सगळं हाताचं काम. पलंगापाशी उभं राहून बोलायचं नाही, स्टूल ओढून बसायचं, म्हणजे पेशंटला मान वर करून बघावं लागत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कंबरेखाली आणि टाचांना जखमा होतात. तोंड पुसायचं, ओल्या स्पंजने, आधी ओठ, मग हिरड्या, मग जिभेचा मागचा भाग सोडून जीभ, नंतर ओठांना मलम. मला वाटलेलं हे सोपं असेल. दुसऱ्याच्या तोंडात बोट घालण्याइतकं जवळ जाण्याची सवय आपल्याला स्वतःच्या मुलांनंतर राहिलेलीच नसते. "सगळं ठीक होईल" म्हणायचं नाही. हे सगळ्यात अवघड, जीभच तशी वळलेली असते.

एकदा एक जुनं चित्र दाखवलं, सांगाड्यांचा नाच. पंधराव्या शतकात युरोपात ही चित्रं खूप होती, त्यातलं सगळ्यात गाजलेलं पॅरिसच्या एका दफनभूमीच्या भिंतीवर १४२४-२५ मध्ये काढलेलं, ती भिंत १६६९ मध्ये पाडली, आता नकलाच उरल्यात. एकेक सांगाडा एकेका माणसाचा हात धरून नेतोय, पोप, सम्राट, राजा, व्यापारी, शेतकरी, अगदी तान्हं मूलसुद्धा. मृत्यूपुढे सगळे सारखे, हा त्याचा अर्थ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बघत राहिले कारण माझी नजर सडलेली, मला रांगच आधी दिसते. पोप पहिला, मग सम्राट, आणि शेतकरी पार मागे. म्हणजे सगळे सारखे हे सांगायला ज्याने चित्र काढलं त्यानेसुद्धा माणसं ग्रेडप्रमाणेच उभी केलेली! मी हे बोलून दाखवलं तर सिस्टर म्हणाल्या, वॉर्डात या, रांग तिथेही दिसेल.

वॉर्डात माझ्याकडे दोन बेड होते. बेड तीनवर एक निवृत्त अधिकारी, मोठ्या पदावरचे. त्यांना "सर" म्हटलेलं आवडायचं, काका म्हटलेलं चालायचं नाही, आणि हातात एक जड सोनेरी घड्याळ, जे इतकं सैल झालेलं की हात वर केला की कोपरापर्यंत घसरायचं. काढून ठेवू का विचारलं की म्हणायचे, "मला वेळ बघायला लागते." बेड पाचवर एक जण ज्यांनी आयुष्यभर एका इमारतीत रात्रपाळीची पहाऱ्याची नोकरी केली. हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं, मी न विचारता, आणि माफी मागितल्यासारखं सांगितलं. त्यांना मी काका म्हणायचे, ते मला "ताई" म्हणायचे, मध्येच "मॅडम".

आता तुम्हाला वाटत असेल की या दोघांची शेवटी मैत्री झाली असेल. मलाही तशी आशा होती, कबूल करते. तसलं काही झालं नाही. बेड तीनचा पडदा कायम लावलेला असायचा, बेड पाचचे काका पडद्याच्या दिशेने बघूनसुद्धा हळू खोकायचे. एकदा सरांची काठी घरंगळत या बाजूला आली तर काकांनी, ज्यांना स्वतःला उठता येत नव्हतं, मला खूण केली, "साहेबांची काठी." ते साहेब कोण हे त्यांना माहीतही नव्हतं. आवाजावरून ओळखलं असणार. रात्रपाळीच्या माणसाचा कान.

फरक मला दिसला तो बेलवर. प्रत्येक पलंगाला एक बेल असते, उशीपाशी, वायरला लटकणारी. सर बेल वाजवायचे आणि दीड मिनिटात कोणी आलं नाही तर परत वाजवायचे. त्यांना विचारलं दुखणं किती, शून्य ते दहा, तर म्हणायचे "नऊ". काकांनी बेल कधीच वाजवली नाही. त्यांना विचारलं की "दोन". नेहमी दोन, फार तर तीन. मी नवी होते, चार्टवर दोन लिहायला घेतलं. सिस्टर मागून आल्या आणि म्हणाल्या, "आकडा नका बघू, हात बघा." काकांच्या डाव्या हाताने पलंगाची दांडी धरलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली, कपाळावर बारीक घाम. त्यांना हाडांत पसरलेला कॅन्सर होता. दोन!

सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि विचारलं, "काका, झोप लागते का रात्री?" "नाही लागत, पण मला सवय आहे जागायची." "कूस बदलता येते?" "नाही." "मग दोन कसं?" तर ते म्हणाले, "तिकडे साहेबांना जास्त त्रास आहे. तुमची धावपळ. उगाच कशाला."

दुखतंय असं म्हणायलासुद्धा माणसाला आधी वाटावं लागतं की आपलं दुखणं कुणाला ऐकायला वेळ असेल. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं आणि तेही दुसऱ्याच्या बोटांच्या पेरांवरून. ऑफिसात मीच म्हणायचे की ज्याला पगारवाढ हवी तो मागेल, न मागणाऱ्याला काय द्यायची.

(सरांचं नऊसुद्धा खोटं नव्हतं हं. त्यातलं काही दुखण्याचं, काही भीतीचं. सिस्टर त्यांनाही तेवढाच वेळ द्यायच्या. मी मात्र सुरुवातीला त्यांच्यावर मनातून चिडायचे, गरीब तो चांगला असं एक सोपं गणित माझ्या डोक्यात बसलेलं, तेही एक ग्रेडिंगच झालं की.)

यावरचं उत्तर काय तर घड्याळ. मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, मागितल्यावर द्यायचं नाही, दर चार तासांनी द्यायचं, दुखणं परत डोकं वर काढायच्या आत. मध्येच उसळलं तर वरचा एक डोस, आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध न चुकता, कारण मॉर्फिनने हमखास पोट बांधतं. हे वेळेवर देण्याचं तत्त्व सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश बाईंनी लावून धरलं. त्या आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अशाच पेशंटांना ठेवून घेणारी जागा, सुरू केलं आणि २००५ मध्ये त्याच हॉस्पिसमध्ये त्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी जी पद्धत सांगितली त्यातही 'घड्याळाप्रमाणे' हे आहेच. मला यातली औषधाची बाजू फारशी कळत नाही, पण एक गोष्ट कळली. चार तासांनी ट्रे येणारच असेल तर बेल वाजवणारा आणि न वाजवणारा यांच्यातला फरक तेवढ्यापुरता तरी संपतो. मागावंच लागत नाही.

काकांचा औषधाचा हिशोब बसायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मी गेले तर दांडीवर हात नव्हता, पोटावर होता. झोपले होते. भरदिवसा.

हे सगळीकडे असंच मिळतं असं समजू नका. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनचा या विषयावर रिपोर्ट आला, त्यात आकडा होता, जगात वर्षाला मॉर्फिनच्या हिशोबात धरलेली २९८.५ टन दुखण्यावरची औषधं वाटली जातात आणि त्यातली सगळ्यात गरीब देशांना मिळतात ०.१ टन. मी मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढून बघितलं, वाटलं दशांशचिन्ह चुकलंय. नव्हतं चुकलं. म्हणजे बेल न वाजवणारे देशच्या देश आहेत.

आणि एक गंमत, गंमत म्हणजे कडू गंमत. ज्या वर्षी सॉन्डर्सबाईंनी हॉस्पिस उघडलं त्याच १९६७ साली, त्याच लंडनमध्ये, व्हाइटहॉल स्टडी सुरू झाला. सुमारे १८ हजार सरकारी नोकर, सगळे पुरुष, सगळ्यांना पक्की नोकरी, कोणी उपाशी नाही. बघायचं होतं कोण कधी मरतं. सगळ्यात खालच्या ग्रेडचे, म्हणजे शिपाई, दरवान वगैरे, यांचं मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वरच्या ग्रेडच्या साधारण तिप्पट निघालं. आणि फक्त तळाला वाईट आणि बाकी सगळ्यांना बरं असंही नाही, पायरी-पायरीने, प्रत्येक ग्रेड आपल्या वरच्यापेक्षा आधी मरत होता. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरलं तरी फरक पुसला गेला नाही. मायकेल मार्मट या संशोधकांनी पुढे यावर आयुष्यभर काम केलं, हातातल्या कामावर आपला ताबा किती हाही त्यातला एक मोठा धागा. मी हे रात्री अंथरुणात वाचत होते आणि उठून बसले. ग्रेड. माझा रोजचा शब्द. मला वाटायचं मी पगाराचा कॉलम भरते.

म्हणजे मेल्यावर सगळे सारखे असतील किंवा नसतील, पण मरेपर्यंतची रांग आपणच लावलेली असते आणि ती शरीरात शिरते. बेड पाच आणि बेड तीन यांच्यात वयाचं अंतर सोळा वर्षं होतं. धाकटे कोण ते सांगायला नको.

काका आधी गेले. शनिवारी रात्री. नातेवाईक लांबून निघालेले, पोचायला सकाळ होणार होती, म्हणून सिस्टरांनी मला थांबाल का विचारलं. संध्याकाळपासूनच श्वासाची लय बदललेली, चेन-स्टोक्स म्हणतात त्याला, श्वास वाढत वाढत खोल होतो, मग उथळ होत होत थांबतो, वीस सेकंद, तीस सेकंद, आपण आपला श्वास धरून बसतो आणि मग तो परत सुरू होतो. घशात घरघर. ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पेशंटला बहुतेक त्रास होत नसतो असं सांगितलेलं, तरी माझी मूठ आवळलेलीच. गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली. मी तासातासाने ओठ ओले करत होते. शेवटी शेवटी ऐकू येत असावं असं म्हणतात, म्हणून काय बोलायचं ते सुचेना तर मी त्यांना बाहेर काय चाललंय ते सांगितलं, की पाऊस थांबलाय, दिवे लागलेत, गेट बंद आहे. "गेट बंद आहे" हे मी दोनदा सांगितलं. का ते माहीत नाही. तीन चाळीसला एक मोठा थांबा आला आणि मी मोजत राहिले, नव्वदपर्यंत मोजलं आणि मग सिस्टरांना बोलावलं. बेल वाजवून. त्या बेलचा आवाज त्या पलंगावरून मी पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टर येऊन बघून गेल्यावर अंग पुसायचं काम. दोन-चार तासांत जबड्यापासून अंग ताठायला लागतं, म्हणून फार थांबता येत नाही. डोळे मिटवून वर ओला कापूस, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी, कवळी धुऊन परत बसवली. सिस्टर प्रत्येक गोष्ट त्यांना सांगून करत होत्या, "काका, आता डावीकडे वळवते हां", "पाणी कोमट आहे." मला आधी जरा नाटकी वाटलं. वळवलं तेव्हा छातीत उरलेली हवा बाहेर आली, उसासा टाकल्यासारखा आवाज झाला आणि मी दोन पावलं मागे. सिस्टर म्हणाल्या, "हवा आहे. धरा खांदा." आणि मग काकांना म्हणाल्या, "झालं, झालं, संपत आलं." पाठ अगदी स्वच्छ होती, एक जखम नाही. दर दोन तासांनी कूस बदलल्याचं फळ. ती पाठ बघून सिस्टरांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला समाधानच म्हणावं लागेल.

मग पायाच्या घोट्याला बांधायचं लेबल. नाव, वय, तारीख, वेळ. सिस्टरांनी नावाआधी 'श्री.' लिहिलं. लेबलावर तशी जागा नव्हती, अक्षरं दाटीवाटीने बसवावी लागली. मी म्हटलं, आता काय फरक पडतो त्यांना. तर म्हणाल्या, "त्यांना कुठे पडतोय. खाली न्यायला जो येईल ना, तो वाचतो. नीट उचलतो."

सर त्यानंतर अकरा दिवसांनी गेले, मी तेव्हा नव्हते, कामाचा दिवस होता. मी शनिवारी वॉर्डात गेले तेव्हा पलंग धुऊन झालेला. वस्तूंची यादी करायला मी मदत केली, मुलगा न्यायला येणार होता. चष्मा एक, काठी एक, वही एक. घड्याळापाशी मी 'सोन्याचं घड्याळ' लिहायला घेतलं तर सिस्टरांनी हात धरला. सोनं लिहायचं नाही, ते खरं आहे का आपल्याला काय माहीत, उद्या भानगड. 'पिवळ्या धातूचं' असं लिहायचं. मी लिहिलं, घड्याळ एक, पिवळ्या धातूचं, चालू स्थितीत. सहीची जागा सोडली. वहीत काय होतं माहितीये? मी उघडणार नव्हते, पानं मोजायची म्हणून उघडली. तारखा आणि वेळा. प्रत्येक वेळी बेल कधी वाजवली आणि माणूस कधी आला. शेवटच्या दोन पानांवर आकडे नव्हते, नुसत्या रेघा, रात्रीच्या, आणि एका रेघेपुढे लिहिलेलं, 'पलीकडचा पण जागा आहे.'

ती वही मी यादीत 'वही एक' एवढीच लिहिली.

मी अजून जाते. राउंडची माझी पद्धत मी उलटी केलीय, ज्यांची बेल वाजली नाही त्यांच्याकडे आधी, आणि यावरून एक-दोन नातेवाईक माझ्यावर ओरडलेत, त्यांचंही चूक नाही, त्यांचा माणूस बेल वाजवत असतो. जमतं तसं करते. कधी कधी मी नुसती थकलेली असते आणि 'दोन' म्हटलं की दोन लिहावंसं वाटतं.

ऑफिसात मी एक रिक्वेस्ट टाकली, की कंत्राटी लोकांची नावं आपल्या सिस्टिममध्ये यावीत, निदान नाव आणि घरच्यांचा नंबर, म्हणजे कोणी गेलं तर कळवता येईल, मेल टाकता येईल. आयटीने विचारलं बिझनेस रीझन काय. मी लिहिलं, माणूस गेला तर कळावं म्हणून. त्यांनी प्रायॉरिटी 'लो' लावली. आज चौदा महिने झाले, तिकीट अजून ओपन आहे, मी दर सोमवारी त्यावर एक रिमाइंडर टाकते, घड्याळाप्रमाणे.